स्क्रीन पुसली आणि पट्टे उमटले: लॅपटॉपवर राहिलेला क्लीनरचा थर काढायचा कसा?

लॅपटॉप बंद करा आणि मोबाईलची टॉर्च एकदम तिरपी धरून काळ्या स्क्रीनकडे बघा. मी मागे एकदा जंतुनाशक वाइपने स्क्रीन पुसली होती, ओली असताना चकाचक दिसत होती, पण पाच मिनिटांनी वाळली तर जसा हात फिरवला तसे पांढुरके पट्टे, आणि खालच्या कोपऱ्यात जिथे थेंब साचला होता तिथे एक गोल कडा उमटलेली. मग परत तोच वाइप घेऊन घासलं, तर पट्टे जाईनात, नुसती जागा बदलायला लागले. हे खूप जणांच्या बाबतीत होतं आणि कारण साधंच आहे, तो डाग मळाचा नसतोच, क्लीनरचाच असतो, त्यामुळे अजून क्लीनर लावला की तो वाढतो.

क्लीनरमधलं पाणी आणि अल्कोहोल उडून जातं, पण त्यात विरघळलेलं बाकी सगळं स्क्रीनवरच राहतं. त्यात मुख्य म्हणजे सर्फॅक्टंट, साबणासारखे रेणू, ज्यांचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. शिवाय सुगंध, रंग, आणि नळाचं पाणी वापरलं असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. जंतुनाशक वाइपमध्ये बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी रसायनं असतात, त्यांच्या रेणूवर धन विद्युतभार असतो आणि काचेच्या पृष्ठभागावर साधारणपणे ऋण, म्हणून ती काचेला चिकटूनच बसतात.

कोपऱ्यातल्या त्या गोल कडेचं कोडंही सुटलेलं आहे. सांडलेल्या कॉफीचा थेंब वाळला की मधे फिकट आणि कडेला गडद रेघ का राहते, हे शिकागो युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात मांडलं होतं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून जागच्या जागी राहते, तिथलं पाणी सगळ्यात भरभर उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी सतत कडेकडे वाहतं आणि येताना विरघळलेलं सगळं सोबत घेऊन येतं. म्हणूनच स्क्रीनवर थेंब वाळू द्यायचाच नाही, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल पण हे राहू द्या.

मॅट आणि चकचकीत स्क्रीनवर हा थर वेगवेगळा दिसतो. मॅट स्क्रीनचा पृष्ठभाग मुद्दाम बारीक खडबडीत केलेला असतो म्हणजे प्रकाश विखुरतो, त्या खळग्यांमध्ये साबण भरला की तेवढाच भाग गुळगुळीत होऊन चमकतो. चकचकीत स्क्रीनवर थर पातळ असला तर पाण्यावरच्या तेलासारखे इंद्रधनुषी रंग दिसतात.

आता काढायचं कसं. धुतलेल्या कपड्यातला साबण घालवायला आपण परत साबण लावतो का, नाही, दोन-तीनदा चांगल्या पाण्यातून काढतो, इथेही तेच करायचं. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या, कारण साध्या फिल्टरच्या पाण्यातही क्षार उरतातच. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, स्क्रीन गार झालेली. आधी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने अगदी हलक्या हाताने धूळ उचलून घ्या, कारण धुळीत वाळूचे कण असू शकतात आणि ओल्या कापडाखाली तेच ओरखडे पाडतात. मग कापडाची दोनदा घडी घाला, म्हणजे उलटसुलट करून आठ कोऱ्या बाजू मिळतात. त्यातली एक बाजू बोटाला ओलसर लागेल इतपतच ओली करा, दाबली तर थेंब पडता कामा नये, आणि डागावर काही सेकंद नुसती टेकवून ठेवा म्हणजे वाळून बसलेला साबण परत विरघळायला लागतो, मग एकाच दिशेने हळू पुसा आणि ओल उडून जायच्या आत कोरड्या बाजूने टिपून घ्या. पुढच्या वेळी नवी बाजू. समजा प्रत्येक वेळी दहावा हिस्सा मागे राहतो, तर तीन वेळात हजारावा हिस्सा उरतो, पण तीच बाजू परत परत फिरवली तर उचललेला साबण आपणच परत पसरवत बसतो. कापड फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेलं असेल तर ते नकोच, सॉफ्टनरचा थर धाग्यांवर बसतो आणि तिथून स्क्रीनवर येतो.

एवढं करूनही तेलकट चिकटपणा राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण आधी आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघून. ॲपल आपल्या नॅनो-टेक्श्चर (चमक कमी करायला अतिसूक्ष्म खडबडीत केलेल्या) काचेवरच्या हट्टी डागांसाठी ७० टक्क्यांचं द्रावण सुचवते, पण म्हणून प्रत्येक स्क्रीनला ते चालेल असं नाही, कारण काच नसलेल्या स्क्रीनचा सगळ्यात वरचा थर प्लास्टिकची पोलरायझर फिल्म, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणारा पापुद्रा, असतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने ती फिल्म खराब होऊ शकते, आणि काच पुसायच्या स्प्रेमधल्या अमोनियाने स्क्रीनवरचं कोटिंग, म्हणजे चमक कमी करायला किंवा बोटांचे ठसे बसू नयेत म्हणून दिलेला पातळ लेप, त्यामुळे या दोन्हीच्या वाटेला जाऊच नका.

स्प्रे थेट स्क्रीनवर मारायचा नाही, ओघळ खालच्या कडेला पोचला की तिथल्या बारीक फटीत आपोआप ओढला जातो आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये तिथेच आत स्क्रीनचं सर्किट असतं. दाबायचंही नाही. आतल्या दोन काचांमधली लिक्विड क्रिस्टलची फट जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी, जोर लावला तर तिथे कायमचा डाग पडू शकतो.

थर गेला की नाही हे बघायला स्क्रीनवर लांबून हलकीच तोंडाची वाफ सोडा. स्वच्छ जागी धुकं सगळीकडे सारखं धरतं, साबण उरला असेल तिथे थेंब वेगळे बसतात आणि पुसल्याचे पट्टे क्षणभर दिसून जातात. मला ही खूण टॉर्चपेक्षाही भरवशाची वाटते.

आणि एक डाग असा असतो जो कशानेच जात नाही. साबणाचा डाग प्रत्येक पुसण्यात थोडा तरी हलतो, पसरतो, फिकट होतो. पण पाच-सहा वेळा पुसूनही कडेची रेघ नकाशासारखी तश्शीच राहिली, वाफेतही तिचा आकार बदलला नाही, तर बहुतेक तो थर नाही, तिथलं कोटिंगच निघालंय. मग हात तिथेच थांबवा, कारण पुढच्या प्रत्येक घासण्याने त्या कडेचं कोटिंग अजून थोडं सुटत जातं.