चित्रकारांवरील माहितीपट

चित्रकार, त्याचे आयुष्य आणि त्याची एखादी श्रेष्ठ कलाकृती यांभोवती रचलेला माहितीपट. हा सुटा लघुपट असतो किंवा दर भागात एक कलावंत अथवा एकच चित्र घेणारी मालिका असते. नागपूरकरांना हा विषय जवळचा वाटावा याला कारण आहे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, तर सय्यद हैदर रझा यांचे पहिले कलाशिक्षण येथले. आधुनिक भारतीय चित्रकलेतली ही दोन मोठी नावे, आणि दोघांचेही काम कॅमेऱ्याला सहजासहजी हाती लागणारे नाही.

फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांचा व्हान गॉखवरील लघुपट १९४८ चा. त्यात माणसे नाहीत, फक्त व्हान गॉखची चित्रे. आणि रंगांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या चित्रकारावरचा हा लघुपट कृष्णधवल आहे. तरीही त्याला ऑस्कर मिळाले. दिग्दर्शक आँरी-जॉर्ज क्लूझो यांनी १९५६ च्या माहितीपटात पिकासोला प्रत्यक्ष काम करताना टिपले. शाई आरपार उतरेल असा कागद ताणून कॅमेरा मागच्या बाजूला ठेवला. त्यामुळे पिकासोचा हात दिसत नाही. रेघ आपली आपण उमटत जाते, माशाची कोंबडी होते, कोंबडीचा चेहरा होतो. चित्र ‘घडते’ म्हणजे काय होते, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या माहितीपटात क्वचितच दिसले असेल.

मालिकांची खरी लाट दूरचित्रवाणीबरोबर आली. बीबीसीवर १९६९ मध्ये कला-इतिहासकार केनेथ क्लार्क यांची तेरा भागांची ‘सिव्हिलायझेशन’ आली. १९७२ मध्ये कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी चार भागांच्या ‘वेज ऑफ सीइंग’मधून तिच्या भारदस्त सुराला जणू उत्तरच दिले. बर्जर यांची मालिका सुरू होते ती बोत्तिचेल्लीच्या चित्रावर सुरी चालवून: प्रतिकृतीतला व्हीनसचा चेहरा ते सरळ कापून काढतात. पुढे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज (१९८०) आणि इतिहासकार सायमन शामा (२००६) यांच्या कलेवरील आठ-आठ भागांच्या मालिका आल्या. शामांनी प्रसंग नटांकडून वठवून घेतले. रंजकता त्यामुळे वाढली, पण चित्रासमोर थांबण्याचा वेळ कमी झाला, हेही खरे.

या माहितीपटांचे जुने साधन म्हणजे रोस्ट्रम कॅमेरा. चित्राचा फोटो टेबलावर पसरून वर बसवलेल्या कॅमेऱ्याखाली ते टेबल हळूहळू सरकवतात. डोळा कुठून सुरू करायचा, कुठे थांबायचे, हे दिग्दर्शक ठरवतो. यात प्रेक्षकाला तपशील मिळतात, पण चौकट हरवते आणि आकारही. मोना लिसा जेमतेम ७७ सेंटीमीटर उंच, तर पिकासोचे ‘गेर्निका’ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. मोबाईलच्या पडद्यावर दोन्ही तळहाताएवढी. ‘गेर्निका’बाबत एक सोय मात्र आहे. १९३७ मध्ये ते रंगवले जात असताना छायाचित्रकार डोरा मार यांनी टप्प्याटप्प्याने फोटो काढून ठेवले होते. त्यामुळे कोणती आकृती कधी पुसली गेली हे दाखवता येते. असा पुरावा हाती असला की निवेदकाला चित्रकाराच्या प्रेमप्रकरणांत शिरावे लागत नाही. तो नसेल तेव्हा बहुतेक मालिका व्हान गॉखच्या कापलेल्या कानासारख्या किश्शांवर येऊन अडतात.

भारतात १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन ही माहितीपट काढणारी सरकारी संस्था स्थापन झाली. तिचे लघुपट मुख्य सिनेमाआधी दाखवणे थिएटरांना बंधनकारक होते, त्यामुळे सीताबर्डीवर हिंदी सिनेमाला आलेल्या माणसालाही ते आपसूक पाहावे लागत. (बरेच जण तेवढ्यात शेंगदाणे घेऊन येत, ही गोष्ट वेगळी.) याच संस्थेसाठी म. फि. हुसेन यांनी राजस्थानात केलेल्या ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’ला १९६७ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचे ‘सुवर्ण अस्वल’ पारितोषिक मिळाले. त्यात निवेदन नाही. छत्री, कंदील, बूट अशा वस्तू फक्त येत-जात राहतात. सत्यजित राय यांचा ‘द इनर आय’ (१९७२) त्यांचे शांतिनिकेतनातले शिक्षक बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर आहे. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी गेलेला हा चित्रकार हाताच्या अंदाजाने काम करत राहिला. राय त्याबद्दल हळहळत बसत नाहीत. कॅमेरा त्याच्या बोटांवर ठेवतात.

रझा (१९२२–२०१६) मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी असल्याने तिकडच्या मुलाने शिकायला येथे येणे स्वाभाविकच होते. १९३९ ते १९४३ ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. तिथून मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले आणि १९५० मध्ये फ्रान्सला. माहितीपट करणाऱ्यांना रझा तसे सोपे पडतात. शाळेत मास्तरांनी भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघायला लावल्याची आठवण आणि पुढे त्यांच्या चित्रांची ओळख बनलेला ‘बिंदू’, अशी गोष्ट आयती सापडते. मात्र त्या गोष्टीच्या नादात मधल्या तीसेक वर्षांतली फ्रेंच निसर्गचित्रे घाईने उरकली जातात.

गायतोंडे (१९२४–२००१) यांच्याबाबत अशी आयती गोष्टही नाही. गोव्याकडच्या घरातला हा माणूस पुढे मुंबईत शिकला, दिल्लीत निजामुद्दीनला राहिला. बोलणे कमी, भेटीगाठी त्याहून कमी. रोलरने रंगाचा थर द्यायचा, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या पातळ सुरीने, खरवडायचा, कागदाचे तुकडे दाबून काही रंग उचलायचा, मग पुन्हा थर. या कामात नाट्य नाही आणि चित्रात बोट ठेवून सांगण्यासारखी आकृतीही नाही. सुनील काळदाते यांनी त्यांच्यावर केलेल्या माहितीपटाचे मोल म्हणूनच मोठे: एरवी तोंड न उघडणारे गायतोंडे त्यात बोलताना दिसतात, आणि मधल्या शांततेला कात्री लागत नाही.

मराठी निवेदनाचे असे माहितीपट थोडे आहेत. चित्रकला शिकणाऱ्या नागपूरच्या मुलाला अजूनही बहुधा इंग्रजी निवेदनावर भागवावे लागते. वर्गात आवाज बंद करून शिक्षकाने स्वतः बोलणे हा त्यावरचा उपाय. त्यात दृश्य हवे तिथे थांबवताही येते. मूळ चित्र पाहण्याची सवय लावायची तर १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच अजब बंगला, गावातच आहे. मे महिन्याच्या दुपारी मात्र माहितीपटच बरा.