मरणाचं ध्यान आलं कुठून?

आजकाल मेडिटेशन म्हटलं की स्ट्रेस कमी होतो, झोप चांगली लागते एवढंच बोललं जातं. पण पूर्वेकडे ध्यानाचा एक मोठा भाग सरळ मरणाकडे बघण्याचा होता, आणि तो असा मागे पडलाय याचं मला खरंच वाईट वाटतं.

कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारात जाऊन बसतो आणि माणूस मेल्यावर काय उरतं हेच विचारतो, यम धन देतो, राज्य देतो, हवं तेवढं आयुष्य देतो, पोरगं हटत नाही. प्रश्न तिथे आहेच, पण त्याचा रोजचा सराव नीट बांधून दिला तो बौद्धांनी. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेच्या ध्यानावरच्या बुद्धांच्या प्रवचनात, स्मशानात टाकलेल्या प्रेताच्या 9 अवस्था दिल्यात, फुगलेल्या देहापासून हाडांचा भुगा होईपर्यंत, आणि दर वेळी भिक्षूने मनात आणायचं की माझंही हेच होणार.

हे सगळ्यांना झेपलं नाही. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, वैशालीची कथा आहे, असं ध्यान करता करता काही भिक्षूंना शरीराची इतकी किळस आली की त्यांनी जीव दिला, आणि हे कळल्यावर बुद्धांनी उरलेल्यांना श्वासावरचं ध्यान, म्हणजे आनापानसती शिकवली. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, परंपरेने आपलीच जोखीम लपवून ठेवली नाही.

अंगुत्तर निकाय या बुद्धांच्या प्रवचनांच्या संग्रहात तर अजून बारकाईने सांगितलंय. मरण कसं आठवता असं बुद्ध भिक्षूंना विचारतात, कोणी म्हणतो अजून एक दिवस-रात्र जगलो तर खूप काही साधेल, कोणी म्हणतो एक जेवण होईपर्यंत, शेवटचे दोघे म्हणतात एक घास, एक श्वास, आणि बुद्ध फक्त त्या दोघांनाच सावध म्हणतात, बाकी सगळे गाफील! पुढे 5व्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या भाष्यकारांनी विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या ग्रंथात मरण आठवण्याच्या 8 रीती मांडल्या. तिबेटात मरतानाच्या माणसाजवळ बार्दो थोडोल, म्हणजे मेल्यानंतरच्या प्रवासाची वाट सांगणारा ग्रंथ, वाचायची पद्धत पडली. आपल्याकडे तुकोबांनी आपलं मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला सोहळा म्हटलं.

आणि 1896 मध्ये मदुराईत 16 वर्षांच्या वेंकटरमणला अचानक मरणाची भीती वाटली तर तो कोणाला हाक न मारता आडवा झाला, अंग ताठ केलं, श्वास धरला आणि हे शरीर मेलं तर 'मी' मेलो का हे आत बघत राहिला. काही आठवड्यांत घर सोडून तो तिरुवण्णामलैला गेला, लोक त्याला रमण महर्षी म्हणू लागले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो तोच शोध घ्यायला सांगत राहिला.