धर्मश्रद्धेची विवेकसंगतता

ईश्वरावरील श्रद्धा बुद्धीच्या कसोटीवर ग्राह्य ठरते काय आणि ठरत असल्यास कोणत्या अर्थाने, हा धर्माच्या तत्त्वज्ञानातील मूलभूत प्रश्न. अठराव्या शतकातील तत्त्वज्ञ ह्यूम व कांट यांनी ईश्वरसिद्धीच्या पारंपरिक युक्तिवादांवर घेतलेल्या आक्षेपांनंतर त्याला आजचे वळण मिळाले.

कॅथलिक भूमिकेचा आधार म्हणजे पहिल्या व्हॅटिकन परिषदेचा (कॅथलिक बिशपांच्या सभेचा) ‘देई फिलियुस’ हा दस्तऐवज (२४ एप्रिल १८७०). सृष्टीवरून ईश्वर बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात निश्चितपणे जाणता येतो, असे त्यात म्हटले आहे. ही क्षमता प्रत्यक्षात कोणी व कोणत्या युक्तिवादाने वापरली, याविषयी मात्र त्यात काहीच नाही. १९१० मध्ये कॅथलिक धर्मगुरूंसाठी सक्तीच्या केलेल्या आधुनिकतावादविरोधी शपथेत ‘आणि म्हणून सिद्धही करता येतो’ अशी भर पडली. हा आशय परिषदेला अभिप्रेतच होता, असे काही अभ्यासक मानतात. तो नंतरचा विस्तार होय, हे मत अधिक ग्राह्य दिसते. शिवाय श्रद्धा ही ईश्वरी कृपेने प्रेरित झालेली मुक्त संमती आहे, युक्तिवादाचा अटळ निष्कर्ष नव्हे, हेही तोच दस्तऐवज सांगतो. टीकाकारांकडून हा भाग बहुधा दुर्लक्षित राहतो.

इंग्रज धर्मचिंतक जॉन हेन्री न्यूमन यांचा संमतीवरील (एखादे विधान खरे म्हणून स्वीकारण्यावरील) ग्रंथही १८७० चाच. पुरावा जेवढा तेवढीच संमती द्यावी, हे इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचे मत त्यांनी नाकारले. ब्रिटन हे बेट आहे याची खात्री सर्वांना असते, पण ती कोणी सिद्धता मांडून मिळवलेली नसते. एकेकटी अपुरी असलेली अनेक संभाव्यता-प्रमाणे एकत्र आली, की बारीक धाग्यांच्या दोराप्रमाणे भार पेलतात. हा निवाडा व्यक्तिनिष्ठ ठरतो, हा आक्षेप गंभीर असला, तरी इतिहास वा न्यायदानातील निर्णयही याच वाटेने होतात.

अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे गैरच, असे म्हणणारे क्लिफर्ड (१८७७) व काही प्रसंगी ते योग्य मानणारे विल्यम जेम्स (१८९६) यांचा वाद आणि ईश्वरश्रद्धेला अन्य विधानांचा आधार लागत नाही, हे अमेरिकन तत्त्वज्ञ प्लँटिंगा यांचे प्रतिपादन प्रसिद्धच आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९९८ च्या परिपत्रकाने श्रद्धा व विवेक यांचे परस्परावलंबन पुन्हा मांडले.

ठाण्यात या प्रश्नाचा एक जुना धागा सापडतो. येथे बहुधा १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या चार धर्मबंधूंचा वध झाला. ओडोरिक या प्रवाशाच्या वृत्तांतानुसार त्याआधी ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर त्यांचा काझीशी वाद झाला आणि त्यांनी युक्तिवादांनी आपली बाजू मांडली. ओडोरिक घटनेनंतर ठाण्यास आला व त्याच संघाचा होता. त्यामुळे संवादाचे तपशील सावधपणे घ्यावेत. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन (पूर्वेकडील एका पंथाच्या) ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असेही तो नोंदवतो.