प्रौढांना शिकवायलाही शिकावं लागतं

‘ज्याला लिहिता-वाचता येतं तो प्रौढांना शिकवू शकतो, प्रशिक्षण कशाला?’ हा समज कोल्हापुरातही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. १९७८च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमातही शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय होती.

करवीर तालुक्यातली म्हैस पाळणारी बाई दुधाचा हिशेब तोंडी चोख करते. तिच्यापुढे ‘कमळातला क’ ठेवला, तर ती उद्या येईलच असं नाही. दूध संस्थेची पावती ठेवा: लिटर, फॅट, दर. हिशेब तिचाच असतो, फक्त अंक ओळखायचे राहिलेले असतात. ही निवड प्रशिक्षणातूनच जमते. शिवाय चारचौघांत चूक काढली की मोठी माणसं गप्प होतात. मुलांच्या वर्गात मुरलेल्या गुरुजींनाही ती सवय मुद्दाम सोडावी लागते, आणि मला तेच सर्वांत अवघड वाटतं.