ट्रॉफीला जर्सी बाधते!

कुठल्याही जुन्या क्लबचं कपाट उघडा, आत साधारण तोच पसारा. काळे पडलेले कप, लोकरी जर्सी, कात्रणांची वही, रबरबँड लावलेला फोटोंचा गठ्ठा, हवा गेलेला बॉल आणि कोणाचे तरी बूट. सगळं एका जागी, कुलपात, म्हणजे सेफ असं आपण धरून चालतो, पण गंमत अशी की यातल्या बऱ्याच वस्तूंची वाट शेजारच्या वस्तूच लावतात.

चांदीचा कप घ्या. चांदीला गंधक अजिबात सोसत नाही. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी नावापुरता असला तरी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो, आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळाकुट्ट. आता लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसा-नखांतलंच प्रथिन, आणि केराटिनमध्ये गंधक असतंच. म्हणजे कपाखाली हौसेने लोकरीचं फेल्ट अंथरलं किंवा त्याला जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलं की आपणच त्याला काळं करायची सोय केली. रबरबँडचंही तेच, कारण रबर टणक करायला त्यात गंधक घालतात. आणि जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोतली काळी प्रतिमा चांदीच्याच बारीक कणांची असते, त्यामुळे ते रबरबँड आधी काढा बरं!

मग कप काळा पडला की कोणीतरी उत्साही माणूस स्पर्धेच्या आदल्या दिवशी पॉलिश घेऊन बसतो. पॉलिश म्हणजे खरं तर बारीक घासणी, ती काळ्या थरासोबत थोडी चांदीही नेते. कप नुसता मुलामा दिलेला असेल तर काही वर्षांत खालचं पितळ डोकावायला लागतं आणि कोरलेली नावं पुसट होतात ती वेगळीच. अॅल्युमिनियम फॉइल आणि गरम सोड्याच्या पाण्याची युक्ती रसायनशास्त्र म्हणून भारी आहे, गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातं, पण कोरीवकामात मुद्दाम ठेवलेला काळेपणाही त्यात जातो आणि लाकडी बैठकीच्या कपाला तर बुडवूच नये. मऊ सुती कापडाने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं, एवढंच पुरतं.

कपाटसुद्धा निर्दोष नसतं. लाकडातून, विशेषतः ओक आणि एमडीएफमधून (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या), सेंद्रिय आम्लांची वाफ निघत राहते आणि शिशाच्या पदकांवर पांढरी भुकटी येते. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी 1973 साली यावर एक साधी टेस्ट मांडली: कपाटासाठी वापरायचं मटेरियल आणि चांदी, तांबं, शिसं यांचे तुकडे थोड्या पाण्यासोबत बंद नळीत घालून 60 अंशाला 28 दिवस ठेवायचे, धातू खराब झाला तर ते मटेरियल बाद. आजही संग्रहालयं हेच करतात.

कात्रणांचं दुखणं वेगळं. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ असतो, तो पिवळा पडतो, कागद आम्लधर्मी होतो आणि डाग समोरच्या पानावरच्या सर्टिफिकेटवरही उमटतो. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. सेलोटेप तर नकोच. पीव्हीसीची प्लास्टिक पाकिटंही काही काळाने चिकट होतात, त्याऐवजी पॉलिएस्टरची घ्या.

जुन्या निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर मात्र घाई करा. अॅसिटेट फिल्म, म्हणजे जुन्या निगेटिव्हची प्लास्टिकची पट्टी, कुजताना अॅसेटिक आम्ल सोडते, तेच आम्ल कुजणं आणखी वाढवतं आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं. वासाचे डबे वेगळे काढा, थंड जागी ठेवा, आधी त्यांचंच स्कॅनिंग करा. आणि एकदाही न घातलेल्या बुटांचा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा सोल बॉक्समध्येच चुरा होतो, कारण हवेतला दमटपणा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो. त्याला फारसा उपाय नाही, फोटो काढून ठेवा.

राहिली जर्सी. कसर लागली असेल तर पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशाला दोन आठवडे ठेवली की किडे आणि अंडी दोन्ही मरतात, डांबराच्या गोळ्यांची गरज नाही. पण फायनलचा चिखल लागलेली जर्सी धुवायची का? घामाचे डाग कापड कमजोर करतात हे खरं, पण तो चिखल एकदा गेला की गेला. मी तरी धुणार नाही. घडीत आम्लमुक्त टिश्यूचे बोळे घालून, अंधारात, कपापासून लांब ठेवीन, आणि कुठल्या मॅचची ते पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहीन.