बॅरोनेट आणि बॅरन: सर फ्रान्सिस बर्डेट लॉर्ड का नव्हते?

बॅरोनेट म्हणजे धाकटा बॅरन, असं वाटणं साहजिक आहे. पण दोघांची जातकुळीच वेगळी. बॅरन उमरावांमध्ये सर्वांत खालचा, तरी उमराव: त्याला ‘लॉर्ड’ म्हणायचं, आणि त्या काळी इंग्लंडचा बॅरन निवडणुकीशिवाय लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात बसायचा. बॅरोनेटचा किताबही वंशपरंपरागत, पण कायद्याच्या लेखी तो सामान्यजनच. पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये हा किताब काढला तो चक्क पैशांसाठी. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या ३० शिपायांचा रोजचा ८ पेन्स पगार तीन वर्षं भरायचा, म्हणजे १,०९५ पौंड मोजायचे, की घराण्याला ‘सर’ मिळालं!

नाइटही ‘सर’च, पण त्याचं ‘सर’ त्याच्याबरोबर संपतं. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्ये नाइट झाले, १८५७ मध्ये बॅरोनेट. ते दुसरं पद पुढच्या पिढ्यांकडे गेलं.

फ्रान्सिस बर्डेट हे डर्बीशरमधल्या फोरमार्कचे जमीनदार. १७९७ मध्ये आजोबांमागून ते पाचवे बॅरोनेट झाले. त्यांना ‘सर फ्रान्सिस’ म्हणायचं, ‘सर बर्डेट’ कधीच नाही. बॅरन असते तर लॉर्ड्समध्ये आयती जागा होती. बॅरोनेट असल्यामुळे मतं मागावी लागली, आणि माझ्या मते त्यांचं राजकारण त्यातूनच घडलं. १८०७ पासून ३० वर्षं ते लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघाचे खासदार होते. तिथे कारागीर आणि दुकानदारांनाही मत होतं, म्हणून जमीनदार असूनही ते संसदसुधारणेची भाषा मोकळेपणाने बोलू शकले.

१८१० मध्ये कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहाने, एका वक्त्याला तुरुंगात टाकलं. सभागृहाला तसा अधिकारच नाही, असं बर्डेटनी छापून आणलं. मग त्यांच्याच सभागृहाने त्यांच्यावर वॉरंट काढलं. ते पिकॅडिलीतल्या घरात दारं लावून बसले, बाहेर त्यांच्या बाजूने गर्दी उसळली. शेवटी शिपाई घरात घुसले आणि त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये नेलं. पुढे पीटरलूच्या कत्तलीवर (१८१९ मध्ये मँचेस्टरला संसदसुधारणा मागणाऱ्या सभेवर घोडदळ घातलं गेलं, ती ही) मतदारांना लिहिलेल्या पत्रापायी २,००० पौंड दंड आणि तीन महिने कैद झाली. उतारवयात मात्र हेच गृहस्थ टोरींकडे, म्हणजे परंपरावादी पक्षाकडे गेले.

त्यांची मुलगी अँजेला बर्डेट-कूट्स हिला दानधर्माबद्दल १८७१ मध्ये स्वतःच्या हक्काने बॅरोनेस केलं गेलं. म्हणजे उमरावपद बापाला नाही, लेकीला मिळालं. पण बाईमाणूस म्हणून लॉर्ड्समध्ये तिला जागा नव्हती. वारशाने आलेल्या उमराव स्त्रियांना ती १९६३ मध्ये मिळाली.