मातीत कार्बन वाढला म्हणजे माती सुधारलीच असं नाही

माती परीक्षणाचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण आधी सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे सेंद्रिय पदार्थांतल्या कार्बनचा आकडा बघतात आणि तो वाढलेला दिसला की बरं वाटतं, वाटायलाच पाहिजे. पण प्लास्टिकपण मुळात कार्बनचंच बनलेलं असतं, पॉलिथिनच्या वजनात तर जवळपास 86 टक्के कार्बनच असतो. काही लॅबमध्ये मातीचा नमुना जास्त तापमानाला जाळून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडवरून कार्बन मोजतात, आता त्या मशीनला कुजलेल्या पानाचा कार्बन कुठला आणि पिशवीच्या तुकड्याचा कुठला हे कळत नाही. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतले मथियास रिलिग यांनी 2018 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. प्लास्टिक कमी असेल तर या गोंधळाने फार फरक पडत नाही, पण जिथे वर्षानुवर्षं ते साठत गेलंय तिथे आकडा फसवू शकतो.

आता कार्बन तो कार्बन, मग बिघडलं कुठे? तर सेंद्रिय पदार्थ मातीत नुसते पडून नसतात, ते सतत खाल्ले जात असतात आणि सगळा फायदा त्या खाण्यातूनच होतो. जिवाणू आणि बुरशी पाला, मुळं, शेणखत खातात, खाताना चिकट पदार्थ सोडतात, बुरशीचे तंतू मातीच्या बारीक कणांभोवती गुंडाळले जातात आणि त्यातून छोटे छोटे रवे तयार होतात. रव्यांच्या आतल्या बारीक पोकळ्यांत पाणी टिकतं, दोन रव्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते आणि जास्तीच्या पाण्याचा निचरा होतो. शिवाय कुजताना नत्र, स्फुरद, गंधक मोकळं होतं ते वेगळंच. मातीत सेंद्रिय पदार्थ असतात वजनाच्या जेमतेम काही टक्के पण जमीन भुसभुशीत राहते ती त्यांच्याच जोरावर.

पॉलिथिन यातलं काहीच करत नाही, त्यात नत्र नाही आणि जिवाणूंना ते सहजासहजी तोडता येत नाही. ते ऊन लागून, घासून बारीक होत जातं, आणि 5 मिलिमीटरपेक्षा लहान झालं की त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. तुकडा कसा आहे, कण की तंतू, तेपण महत्त्वाचं. 2018 मध्येच आलेल्या एका प्रयोगात कपड्यातल्या पॉलिस्टरसारखे तंतू मातीत मिसळून बघितले, तर माती हलकी झाली, पाणीसुद्धा जास्त धरायला लागली, ऐकायला छान वाटतं, पण पाण्यात टिकून राहणारे रवे मात्र कमी झाले. म्हणजे एखाददुसरा आकडा बघून माती चांगली की वाईट ठरवता येत नाही.

गांडुळांवरचा 2016 चा प्रयोगपण बऱ्याचदा सांगितला जातो. पाल्यात पॉलिथिनचे कण मिसळून गांडुळांना दिले, 28 टक्के आणि त्यापुढच्या प्रमाणाला त्यांची वाढ मंदावली आणि 60 दिवसांत जास्त गांडुळं मेली, 7 टक्क्यांना मात्र मरण्याचं प्रमाण वाढलं नाही. हे डोस भरपूर मोठे आहेत त्यामुळे उद्याच सगळी गांडुळं मरणार असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण गांडूळ हे कण आपल्या बिळातून खाली ओढून नेतं हेही दिसलंय, आणि एकदा खाली गेलेलं प्लास्टिक कोण वर काढणार?

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कंपोस्टची. प्लास्टिक मातीत येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत, टायरची झीज, मल्चिंग पेपर (पिकाभोवती जमिनीवर अंथरतात ती प्लास्टिकची फिल्म), पॉलिमरचं म्हणजे प्लास्टिकसारखं कोटिंग असलेली खतं, सांडपाण्याचा गाळ (प्लांटमध्ये पाणी स्वच्छ होताना बहुतेक मायक्रोप्लास्टिक त्या गाळातच अडकतं आणि तोच गाळ खत म्हणून पसरतात). पण ओला कचरा प्लास्टिकसकट मशीनमध्ये कापला की एका पिशवीचे असंख्य तुकडे होतात, मग कितीही चाळा ते सगळे निघत नाहीत, आणि ज्या खतामुळे मातीला जीव येतो त्याच खतातून प्लास्टिक शेतात जातं. म्हणून कंपोस्ट टाकायचंच बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, मातीला त्याची फार गरज आहे. प्लास्टिक वेगळं करायचं ते कचरा कापायच्या आधी, एवढं जरी कडक पाळलं तरी खूप फरक पडेल.

मातीत गेलेलं प्लास्टिक नंतर शोधणं किती अवघड आहे बघा. लॅबमध्ये माती दाट मिठाच्या पाण्यात ढवळतात, हलकं प्लास्टिक वर तरंगतं, पण सेंद्रिय पदार्थपण तरंगतात, मग ते हायड्रोजन पेरॉक्साइडने नष्ट करावे लागतात आणि उरलेले कण एकेक करून तपासायचे. म्हणजे माती जेवढी समृद्ध तेवढं काम किचकट.

बायोडिग्रेडेबल, म्हणजे मातीत कुजणाऱ्या मल्चिंगचा पर्याय आहे, त्याच्या 2018 च्या युरोपियन स्टँडर्डप्रमाणे लॅबमधल्या मातीत 2 वर्षांत 90 टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइड व्हायला हवं, शेतात ओल आणि तापमान बदलतं तसा वेळही बदलतो. ऑक्सो-डिग्रेडेबल नावाने मिळतं ते वेगळं, त्याचे नुसते तुकडे होतात, युरोपियन युनियनमध्ये 2021 पासून त्यावर बंदीच आहे. साधा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर वापरायचाच असेल तर जाड घ्या, अखंड निघेल असा, आणि रोटाव्हेटर फिरवायच्या आधी सगळा गोळा करा, बांधावर जाळू नका.